जपणं आणि बदलणं

बेळगावात फेरारीचं शोरूम नाही, पोर्शचं नाही. निपाणीत तर अशी अपेक्षाही कोणी धरत नाही. रविवारी सकाळी पुणे-बंगळूर महामार्गावर, तवंदी घाटाच्या वळणांवर ज्या बुटक्या, रुंद, भडक रंगाच्या गाड्या सूं करून जातात त्या बहुधा वाटसरू असतात. पुण्या-कोल्हापूरकडून यायचं, बेळगावात कुंदा बांधून घ्यायचा आणि चोर्ला घाटाने गोव्यात उतरायचं, एवढाच त्यांचा आपल्याशी संबंध. मग स्पोर्ट्‌स कार बाळगणं, सांभाळणं आणि जुनी गाडी पुन्हा उभी करणं या विषयावर याच मुलखात बसून हे पुस्तक का लिहावं?

उत्तर उद्यमबागेत आहे. गाडी कुठे विकत मिळते हे शौकिनाला एकदाच महत्त्वाचं असतं. त्यानंतर वर्षानुवर्षं त्याच्यापुढे एकच प्रश्न असतो: मोडलेला भाग कोण घडवून देईल? खानापूर रस्त्यावरची उद्यमबाग आणि मच्छेची वसाहत इथपासून कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरापर्यंतच्या शे-सव्वाशे किलोमीटरच्या पट्ट्यात बीड आणि ॲल्युमिनियम ओतणाऱ्या फाउंड्र्या आहेत, पॅटर्न बनवणारे सुतार आहेत, क्रँकशाफ्ट घडवणारे आणि घासून देणारे कारखाने आहेत, बोअरिंग करणारे, गिअर कापणारे, हायड्रॉलिक पंप बनवणारे आहेत. वाटेत हत्तरगीला एक्वसच्या वसाहतीत तर विमानांचे भाग तयार होतात. जगात कुठेही मिळत नाही असा पाण्याच्या पंपाचा तुटका भाग घेऊन एखादा माणूस इथे आला, तर त्याला 'मिळणार नाही' असं उत्तर क्वचितच मिळतं. 'नमुना ठेवून जा' असं सांगतात.

ही सवय आजची नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, विकता विकता दुरुस्ती केली आणि पुढे कडबा कापायची यंत्रं व लोखंडी नांगर बनवायला घेतले. जागेच्या अडचणीमुळे त्यांना बेळगाव सोडावं लागलं. औंधच्या राजांच्या आश्रयाने 1910 साली किर्लोस्करवाडी वसली. बेळगावात त्यांच्या नावाचा रस्ता राहिला, आणि परदेशी यंत्र उघडून पाहायचं, समजून घ्यायचं आणि आपल्या हाताने पुन्हा बनवायचं ही खोडही राहिली. निपाणीपासून जवळच असलेल्या इचलकरंजीत शंकरराव कुलकर्णींनी तर अख्खी मोटार बनवली. 'मीरा' हे तिचं नाव. स्वातंत्र्याच्या आसपास सुरू केलेलं हे काम त्यांनी 1970च्या दशकापर्यंत नव्या नव्या नमुन्यांत सुधारत नेलं. छोटी चण, हवेने थंड होणारं इंजिन, स्प्रिंगांच्या जागी रबराचं सस्पेन्शन. परवाने आणि भांडवल या दोन खडकांवर ती नाव फुटली आणि मीरा कधी बाजारात आली नाही. पण सर्वसामान्यांसाठी स्वस्त गाडी ही कल्पना या भागातल्या एका माणसाने दिल्लीतल्या सरकारच्या आधी रस्त्यावर आणली होती, हे विसरता कामा नये.

आता 'स्पोर्ट्‌स कार' म्हणजे नेमकं काय ते आधी ठरवायला हवं, कारण इंग्लंड-इटलीतली व्याख्या इथे लावली तर पुस्तक दोन पानांत संपेल. स्वातंत्र्यानंतर परदेशी गाड्यांची आयात जवळजवळ बंद झाली. वेगाची हौस असणाऱ्याला जे मिळे त्यातूनच वेग काढावा लागे. मद्रासेत 1961पासून बनू लागलेली स्टँडर्ड हेरल्ड ही अशांची पहिली लाडकी. दिसायला ती साधी कुटुंबाची गाडी. पण तिची वेगळी चॅसी, पुढे उलटणारं अख्खं बॉनेट आणि मायकलॉटी या इटालियन आरेखकाने दिलेली धारदार अंगकाठी पाहिली की कळतं, ट्रायम्फ स्पिटफायर ही खरीखुरी स्पोर्ट्‌स कार हेरल्डच्याच चॅसीवरून का घडली. दुसरी, वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्यात बनवलेली फियाट 1100, जिला पुढे पद्मिनी नाव मिळालं. तिच्या 1089 सीसीच्या इंजिनाचं हेड घासून, कार्ब्युरेटर बदलून, सायलेन्सर मोकळा करून मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर शर्यती मारल्या गेल्या. तिसरी कर्नाटकाची स्वतःची: बंगळूरच्या सिपानी कंपनीची 1982ची डॉल्फिन. फायबरची बॉडी, दोन दारं, 848 सीसीचं ॲल्युमिनियमचं इंजिन. मारुती 800 आल्यावर बाजारात तिचा निभाव लागला नाही, पण हलक्या वजनामुळे रॅल्यांत तिने भल्याभल्यांना मागे टाकलं.

चौथी गाडी चोर्ल्याच्या पलीकडची. 1990च्या दशकाच्या शेवटी गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची दोन आसनांची, छप्पर उघडणारी गाडी बनू लागली. आरेखन फ्रेंच, इंजिन रेनॉचं 1149 सीसीचं, बॉडी फायबरची. ताकद बेताची असल्याने चेष्टा करणाऱ्यांनी चेष्टा केली. पण देशात सरळ दुकानातून विकत घेता येणारी उघडी दोन आसनी गाडी तेव्हा दुसरी कुठे होती? आज ती सांभाळणाऱ्याला इंजिनाची चिंता नसते. दाराची रबरं, टपाचं कापड आणि दिव्यांच्या काचा मिळवताना मात्र त्याची दमछाक होते. यांच्यानंतरची पिढी तरुणांना आठवेल: मारुती झेन, 1999ची फोर्ड आयकॉन 1.6, 2001ची फियाट पालिओ 1.6. या अजून 'जुन्या बाजारा'तल्या गाड्या मानल्या जातात, म्हणूनच स्वस्त आहेत. ज्यांना उद्याची क्लासिक आज घ्यायची असेल त्यांनी यांच्याकडे पाहावं.

आणि आधुनिक आयात गाड्या? त्याही आपल्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात आल्या आहेत. कारखानदारी, साखर, तंबाखू, जमिनी यांतून पैसा आला तशा त्याही आल्या. पण पुढच्या पानांत त्यांचं कौतुक कमी आणि त्यांच्या देखभालीचा हिशोब जास्त आहे, आणि तो क्रम योग्य वाटतो.

इथे मला या विषयातली मुख्य गोष्ट सांगायची आहे. आपल्या भागाचा जो गुण, तोच या छंदातला आपला मोठा दोषही ठरला आहे. ज्या हातांनी गाड्या जगवल्या, त्याच हातांनी त्यांची ओळख पुसली. 1973च्या तेलसंकटानंतर पेट्रोल परवडेनासं झालं, तेव्हा जीपमध्ये मॅटॅडॉरचं इंजिन बसवणं हे शहाणपणाचं काम होतं. फियाटच्या, अँबॅसिडरच्या पोटात मिळेल ते डिझेल इंजिन बसवून मिस्त्रींनी गरिबाची गाडी चालती ठेवली. माउंटिंग कापली, चॅसीला पट्ट्या जोडल्या, गिअरबॉक्सला घरचा ॲडाप्टर ओतून दिला. त्या काळच्या गरजेला ते धरून होतं आणि त्यातलं कसब आजही थक्क करतं. पण गरज संपली तरी हात थांबले नाहीत. मूळ रंग खरवडून धातूचमकीचा रंग, मूळ स्टिअरिंगच्या जागी बाजारी लाकडी चाक, मूळ सीटच्या जागी सोफासारखं कुशन, गोल डायलांच्या जागी डिजिटल मीटर. मालक म्हणतो, 'गाडी रिस्टोअर केली.' खरं तर त्याने जुन्या पत्र्यात नवी गाडी बसवलेली असते.

कायदाही आता या फरकाकडे पाहू लागला आहे. जानेवारी 2019मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कारखान्याने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल वाहनात करता येणार नाहीत. जुलै 2021मध्ये केंद्राने विंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटलेली, मूळ स्वरूपातली, चॅसी, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, फेरनोंदणीचं 5,000. नंबरपाटीवर 'व्हीए' ही अक्षरं. नोंदणीची मुदत 10 वर्षं. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला किंवा धंद्याला नाही. म्हणजे 1960च्या दशकातली हेरल्ड आज या मानाला पात्र आहे, पण तिच्यात कोणीतरी हौसेने डिझेल इंजिन ठोकलं असेल तर तिचा मान गेला. ज्याने ते इंजिन बसवलं त्याने तेव्हा गाडी वाचवली होती. आज तेच तिच्या आड येतं.

म्हणून जपणं आणि बदलणं यांतली रेघ कुठे ओढायची हा या छंदाचा खरा अभ्यास आहे. सोपा नियम असा: जे झिजण्यासाठीच बनवलं आहे ते खुशाल बदला; ज्यावरून गाडी ओळखली जाते ते दुरुस्त करा. ब्रेकचे लायनर, बेअरिंग, रबरं, गॅसकेट, टायर, पाइप ही झिजणारी माणसं. त्यांना निवृत्ती द्यावीच लागते. ब्लॉक, हेड, कार्ब्युरेटर, डायल, बॉडीवरचे कंपनीचे शिक्के, काचांवरच्या खुणा, कारखान्याने दिलेल्या रंगाचा एखादा तरी वाचलेला तुकडा यांना हात लावण्याआधी दहादा विचार करावा. ब्लॉकचा सिलिंडर झिजला तर ओव्हरसाइज बोअर करता येतो. तोही पुढे गेला तर स्लीव्ह मारून मूळ मापावर आणता येतो. क्रँक दहा, वीस, तीस थाउ (इंचाचा हजारावा भाग) अंडरसाइज घासता येतो. हेडला बारीक तडा गेला तर तो शिवणारे कारागीर अजून आहेत. 'नवा टाका' हा सल्ला ज्या गॅरेजमध्ये पहिल्याच दिवशी मिळतो, तिथून जुनी गाडी परत आणलेली बरी.

भाग ओतून घ्यायची वेळ आलीच तर नमुना जसाच्या तसा साच्यात दाबून चालत नाही, हे नव्या शौकिनाला ठाऊक नसतं. बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, ॲल्युमिनियम त्याहून थोडं जास्त. शिवाय मशिनिंगसाठी अंगावर माल ठेवावा लागतो. पॅटर्नवाला हे सगळं गृहीत धरून लाकूड मोठं ठेवतो. आता थ्री-डी स्कॅनर आणि प्रिंटरने पॅटर्न बनवता येतो. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय ज्या बेळगावात आहे, तिथल्या मुलांना हे काम अवघड नाही. पण कुठे किती मापं वाढवायची, वितळलेला धातू कुठून सोडायचा, हवा कुठून काढायची हे अजून साठीच्या पुढच्या मिस्त्रींकडूनच शिकावं लागतं.

या भागाच्या हवेबद्दल आणि इंधनाबद्दलही पुस्तकात बरंच आहे, आणि ते इतरत्र वाचायला मिळणार नाही. बेळगावचा पाऊस, त्यात खानापूर, चोर्ला, आंबोली या बाजूची महिनोन्‌महिने टिकणारी ओल ही पत्र्याची वैरीण. गंज दिसतो तिथे नसतो; दाराच्या तळाशी, सिलच्या आत, फ्लोअरच्या रबरी मॅटखाली, बूटमधल्या स्टेपनीच्या खोबणीत तो बसलेला असतो. पुट्टीचा थर देऊन वरून रंग मारलेली गाडी पहिला पावसाळा काढते, दुसऱ्यात फुगते. गाडी घेताना खिशात लहान चुंबक ठेवावं. जिथे ते चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. फायबरच्या डॉल्फिनला आणि स्टॉर्मला मात्र ही कसोटी लावू नये!

इंधनाची गोष्ट तर आपल्या घरचीच. 6 फेब्रुवारी 2023 रोजी बंगळुरात 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा प्रारंभ झाला आणि पुढच्या दोन वर्षांत ते देशभर पोचलं. या इथेनॉलचा एक वाटा उसापासून येतो, आणि ऊस आपल्या शिवारात पिकतो. संकेश्वर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात साखर कारखान्यांवर हजारो घरं चालतात, त्यामुळे इथे इथेनॉलला नावं ठेवणं कोणाला जमणार नाही आणि ठेवूही नयेत. पण 1970 साली बनलेल्या कार्ब्युरेटरला उसाची ही चव माहीत नव्हती. इथेनॉल जुनी रबरं फुगवतं, कॉर्कच्या गॅसकेटा खातं, हवेतलं पाणी ओढून घेतं आणि उभ्या गाडीच्या टाकीत गंज धरवतं. मिश्रणही किंचित पातळ पडतं. उपाय महाग नाहीत. इंधनाच्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घालाव्यात, फिल्टर लवकर बदलावा, गरजेप्रमाणे जेट एक माप मोठं करावं, आणि पावसाळाभर गाडी उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवावा. यातलं काहीही गाडीचं मूळ रूप बिघडवत नाही.

आधुनिक स्पोर्ट्‌स कारचं दुखणं निराळं. तिला लेथ नको, संगणक हवा. कंपनीचं वर्कशॉप बहुधा पुण्यात किंवा बंगळुरात. बेळगावहून एक साडेतीनशे किलोमीटर, दुसरं पाचशे. इंजिनाचा पिवळा दिवा लागला की फ्लॅटबेडवर गाडी चढवून पाठवायची. परदेशातून बांधून आलेल्या महाग गाडीवर जबर आयात शुल्क बसतं, त्यामुळे साध्या बंपरच्या किमतीत इथे चांगली जुनी मारुती येते. पण बहुतेक नुकसान चालवून होत नाही, उभी ठेवून होतं. बॅटरी काही आठवड्यांत उतरते, म्हणून तिला मेंटेनर चार्जर लावावा. ब्रेक ऑइल पाणी ओढतं. किलोमीटर झाले असोत वा नसोत, दोन वर्षांनी ते बदलावं. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी शाबूत असली तरी म्हातारा टायर वेगावर धोका देतो. उसाची तोड झाली की शेतातले उंदीर गावात येतात आणि या गाड्यांच्या वायरी त्यांना फार आवडतात. आणि गतिरोधक: आपल्याकडच्या गावोगावच्या उंचवट्यांवर नाक घासायचं नसेल तर गाडी तिरपी घ्यायला शिकावं, नाहीतर रस्ता निवडून निघावं.

कागदपत्रं हा सीमाभागाचा खास धडा आहे. घर निपाणीत, दुकान कोल्हापुरात, मुलगी गोव्यात अशी इथली कुटुंबं. गाडी मात्र एकाच राज्याची असू शकते. कर्नाटकात 20 लाखांवरच्या गाडीला 18 टक्के आयुष्यभराचा कर आणि त्यावर उपकर. महाराष्ट्रात तशाच पेट्रोल गाडीला 13 टक्के. हा फरक पाहून पलीकडची पाटी लावून अलीकडे गाडी फिरवण्याचा मोह होतो. बारा महिन्यांहून जास्त काळ गाडी दुसऱ्या राज्यात ठेवली तर तिथली नोंदणी घ्यावी लागते, एनओसी आणावी लागते, कर भरावा लागतो. सीमावाद पेटला की पाटीवरून गाडी अडवली जाते ती गोष्ट वेगळी. जुन्या गाडीच्या बाबतीत मात्र पाटीत इतिहास असतो. 1 नोव्हेंबर 1956च्या राज्य पुनर्रचनेआधी हा भाग मुंबई राज्यात होता. त्या काळच्या 'बीवाय'ने सुरू होणाऱ्या पाट्या, मग म्हैसूर राज्याच्या 'एमवाय', पुढे आजच्या केए 22 आणि केए 23. एकाच गाडीच्या आरसी बुकात या भागाचं सगळं राजकारण सापडू शकतं. असं बुक फाटलं म्हणून टाकू नये; जपून ठेवावं, त्याची प्रत काढून वापरावी.

हा छंद श्रीमंतांचाच आहे का, हा प्रश्न वाचक विचारेल. आयात गाड्यांपुरतं उत्तर होय असंच आहे. हेरल्ड, पद्मिनी, डॉल्फिन, पालिओ यांच्यापुरतं उत्तर वेगळं: त्यात पैशापेक्षा वेळ जास्त जातो, आणि वेळेपेक्षाही संयम. काम सुरू करण्याआधी गाडीचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा. काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून चिठ्ठी लावा. इंजिन उतरवण्याआधी रंगवाल्याला आगाऊ पैसे देऊ नका. अर्धवट गाड्या शेडमध्ये पडून राहतात त्या बहुधा इंजिनामुळे नव्हे, चुकलेल्या क्रमामुळे.

शेवटी एक मागणं. या पट्ट्यातले मिस्त्री पन्नास वर्षांत जे शिकले त्यातलं फारच थोडं कागदावर उतरलं आहे. कोणत्या गाडीला कोणत्या ट्रॅक्टरचं बेअरिंग बसतं, कोणत्या पंपाचं सील चालतं, कोणत्या मापावर हेड घासलं की ते टिकतं, हे सगळं तोंडी आहे आणि माणसांबरोबर जातं आहे. म्हणून हे पुस्तक वाचून झाल्यावर पहिलं काम नवी गाडी शोधण्याचं करू नका. एक वही घ्या, आपल्या मिस्त्रींकडे जाऊन बसा आणि ते काय बदलतात, काय जपतात आणि का, ते तारखेसह लिहून ठेवा. तुमच्यानंतर ती गाडी ज्याच्या हाती जाईल त्याला गाडीइतकीच त्या वहीचीही गरज पडणार आहे.